डेराबस्सीच्या गोदामातली आइस हॉकी

चंदीगडमध्ये बर्फाचं मैदान नाही. तरीही मागच्या हिवाळ्यात या शहराचा एक संघ महिलांच्या राष्ट्रीय आइस हॉकी लीगच्या वरच्या गटात खेळत होता, आणि माझी भाची सई त्या संघात होती.

वृत्तपत्राच्या डेस्कवर मी बावीस वर्षं काढली. त्यातली सहा क्रीडा पानावर. एवढ्या काळात महिलांच्या आइस हॉकीची एकही बातमी माझ्या हातून पानावर गेली नव्हती. डिसेंबरात साठलेली रजा घेतली आणि पुण्याहून बहिणीकडे गेले. तीन आठवडे राहायचं ठरवलं होतं, दोन महिने राहिले. आता मे महिना आहे. पंखा पाचवर असूनही गार वाटत नाही. टेबलावर त्या हिवाळ्याच्या दोन वह्या आहेत आणि त्या उघडल्या की दुपारचं काम बाजूला पडतं.

एयरोसिटी

माझी धाकटी बहीण वसुधा आणि तिचा नवरा अनिरुद्ध विमानतळाजवळच्या या वसाहतीत भाड्याने राहत होते. अनिरुद्ध हवाई दलात विंग कमांडर आहे. घर दुसऱ्या मजल्यावर होतं. विमान उतरताना खिडकीच्या काचा थरथरायच्या. सकाळी त्या थरथरल्या नाहीत की समजायचं, धुक्यामुळे विमानं आलेली नाहीत. पहिल्या आठवड्यात समोरचं घर दिसायला रोज अकरा वाजायचे.

बाराच्या सुमारास ऊन आलं की सगळी गल्ली गच्चीवर जायची. खुर्च्या, गाद्या, शेंगा, सोललेली किन्नू संत्री, अभ्यासाची पुस्तकं, मटार सोलायची परात. पुण्यात आपण उन्हापासून पाहुण्याला आत बोलावतो. इथे शेजारच्या बाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अंदर क्यों बैठे हो जी? धूप में आओ." त्या गच्चीवर मी बसून काढलेले तास आता मोजता येत नाहीत. त्या तासांत काही घडलं नाही, म्हणून वहीत त्यांची नोंदही नाही. आठवतात मात्र तेच जास्त.

मी पोचले त्या आठवड्यात अनिरुद्धच्या बदलीचा हुकूम आला होता. एप्रिलमध्ये तंजावर.

"तिथे मराठी राजे होते," अनिरुद्ध जेवताना म्हणाला. "म्हणजे आपलीच माणसं."

"बाबा, वहाँ बर्फ़ सिर्फ़ गन्ने के रस में मिलेगी," सई म्हणाली. ती बारावीत होती. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर हिंदीत येतं. तिला चंदीगडमध्येच कॉलेजात प्रवेश घेऊन, हॉस्टेलवर राहून संघात खेळायचं होतं. वसुधाला ते मान्य नव्हतं. दोन दिवस घरात ताटं-वाट्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा होता. तिसऱ्या दिवशी वसुधाने अट घातली.

"पाच संघ आहेत. शेवटचा येतो तो खालच्या गटात जातो ना? तुमचा संघ वरच्या गटात राहिला तर तू इथे राहा. नाही राहिला तर गुपचूप आमच्याबरोबर."

"पक्का?"

"पक्का."

सई क्लासला गेल्यावर वसुधा स्वयंपाकघरात मला म्हणाली, "राहत नाही गं ताई. मागच्या वर्षी सगळे सामने हरलेत. तेव्हा एक संघ आलाच नाही, म्हणून वाचले. मी काय उगाच हो म्हटलं का?"

डेराबस्सी

संघाचा सराव डेराबस्सीत चालायचा. अंबाल्याच्या रस्त्यावर औषधांच्या कारखान्यांचं हे गाव आहे. एका कारखान्याचं जुनं गोदाम रिकामं होतं. तिथली फरशी गुळगुळीत होती आणि चाकांच्या स्केट्सना तेवढं पुरतं. संघाची गोलकीपर हरनूर हिचे वडील गुरमीतजी त्या कारखान्यात सुपरवायझर आहेत. त्यांनी शब्द टाकला म्हणून मुलींना आठवड्यातून चार दिवस, दुपारी तीन ते पाच, ते गोदाम मिळालं होतं.

चौदा मुली होत्या. एकच प्रशिक्षक, बलजीत सर. ते स्वतः लहानपणापासून चाकांवर हॉकी खेळलेले. बर्फावर त्यांनी पहिलं पाऊल चाळिशीत ठेवलं आणि पहिल्याच दिवशी मनगट मोडलं, हे त्यांनीच मला सांगितलं.

पहिल्या दिवशी मुलींनी मला मासीजी करून टाकलं. सईची मावशी म्हणजे सगळ्यांची मासी. "मासीजी, आप अख़बार में हो? फिर हमारी फोटो पहले पन्ने पर लगवाओ," हरनूर म्हणाली. पायांना दोन उशांएवढे पॅड बांधून ती दारातून आडवी आत यायची.

"पहले एक मैच तो जीत लो," कॅप्टन रितिका म्हणाली.

"तू एक गोल तो कर ले पहले!"

मी पाहत होते तेवढ्या वेळात मुली विजेसारख्या पळत होत्या. रबराची चपटी चकती, जिला पक म्हणतात, काठीला चिकटल्यासारखी फिरत होती. हा संघ सगळे सामने कसा हरतो, ते मला कळेना. बलजीत सरांना विचारलं.

"देहरादून चलो, पता चल जाएगा," ते म्हणाले.

सरावानंतर हरनूरच्या घरी गेलो. तिची आई मक्याच्या रोट्या करत होती. गरम पाण्यात मळलेलं पीठ, हातावर थापलेली रोटी. मी म्हटलं, हे तर आमच्यासारखंच, आणि परातीत पीठ भुरभुरून भाकरी थापायला बसले. ज्वारीची सवय असलेला हात मक्यावर चालला नाही. उचलताना रोटीचे तीन तुकडे झाले. हरनूरच्या आईने ते तुकडे तव्यावर जोडून भाजले, वर लोणी घातलं आणि माझ्याच ताटात वाढले. मोहरीच्या पानांचा साग, कांदा, गूळ. नंतर मी त्या घरी बऱ्याचदा जेवले. रोटी अखंड उचलायला मला जानेवारी उजाडला.

देहरादून, पहिली फेरी

लीगचे सामने देहरादूनच्या बंदिस्त मैदानात होते. जानेवारीत तीन शनिवार-रविवार. मिनी बस पहाटे निघायची आणि नाहनच्या घाटातल्या वळणांवर अर्धा संघ गप्प व्हायचा.

बाहेर छान ऊन होतं म्हणून मी एका शालीवर आत गेले. दहा मिनिटांत बोटं वाकेनात. बॉलपेन उमटेना. स्पर्धेच्या टेबलावरून पेन्सिल मागून आणली आणि पुढचे सगळे सामने पेन्सिलीने लिहिले.

पहिला सामना लडाखशी होता. आमच्या मुली बर्फावर उतरल्या आणि पहिल्या मिनिटात कारण दिसलं. त्यांना थांबता येत नव्हतं.

हे नीट सांगायला हवं. चाकांवरचा खेळाडू पाय आडवे करून घसरत थांबू शकत नाही. चाकं फरशी धरून ठेवतात आणि माणूस तोंडावर पडतो. म्हणून तो वळसा घेतो, गोल फिरून वेग कमी करतो. बर्फावर मात्र दोन्ही पाती आडवी करून, बर्फाचा चुरा उडवत जागच्या जागी थांबायचं असतं. लडाखच्या मुली हे गोठलेल्या तळ्यांवर, शाळेत जायच्या वयापासून करत आल्या आहेत. आमच्या मुली वळसा घेत होत्या, आणि त्या वळशापुरती जागा बर्फावर कुणी देत नव्हतं.

त्यात नियमाची भर. मैदानावर दोन निळ्या रेषा असतात. समोरच्या संघाच्या बाजूची निळी रेषा पकने ओलांडण्याआधी तुम्ही ओलांडलीत, की शिट्टी आणि हल्ला रद्द. चाकांवरच्या हॉकीत ही रेषाच नसते. सई संघातली सर्वांत वेगवान. ती दर वेळी रेषेशी पकच्या आधी पोचायची, थांबायला बघायची, आणि दोन्ही हात पसरून रेषेपलीकडे सरकत जायची. शिट्टी. पुन्हा तेच. शिट्टी. मी वहीत रेघा मारत होते. सामना संपला तेव्हा सतरा रेघा झाल्या होत्या, त्यातल्या नऊ सईच्या.

अकरा-शून्य. हस्तांदोलनाच्या वेळी लडाखची एक उंच बचावपटू सईपाशी थांबली.

"तेज़ बहुत हो," ती म्हणाली. "रुकते वक़्त खड़ी क्यों हो जाती हो? कुर्सी पर बैठो, दीदी. घुटने मोड़ो और बैठ जाओ." तिने करून दाखवलं. बर्फाचा चुरा सईच्या गुडघ्यापर्यंत उडाला.

"घर पे बर्फ़ नहीं है ना," सई म्हणाली.

"तो कैसे सीखोगी?"

रविवारचा सामनाही हरलो. परतताना बसमध्ये तिने कानात इअरफोन घातले आणि डेराबस्सीचा फाटा येईपर्यंत काढले नाहीत.

सेक्टर ३४

सईचा प्रवेश परीक्षेचा क्लास सेक्टर ३४ मध्ये होता. तिला सोडायला मी कधी कधी जायचे. या भागात दुपारी एक वाजता एकाच वयाची शेकडो मुलं रस्त्यावर येतात आणि सगळ्यांना एकाच वेळी भूक लागते. छोले-कुलच्याच्या एका गाडीवर परभणीची एक मुलगी भेटली. फोनवर आईशी मराठीत बोलत होती, म्हणून ओळख पटली. "इथे सगळं छान आहे, फक्त कुणी रागावत नाही," ती म्हणाली. मी तिला थोडी रागावले, एवढं तिखट घेतेस म्हणून. तिला बरं वाटलं.

सई मात्र तिथे उभ्या उभ्या गुडघे वाकवून अदृश्य खुर्चीवर बसून बघत होती. आजूबाजूचे विद्यार्थी बघत होते. तिला पर्वा नव्हती.

पुन्हा डेराबस्सी

त्या मंगळवारी जे झालं ते मी समोर पाहिलं, म्हणून लिहिते.

गोदामाच्या एका कोपऱ्यात मुदत संपलेल्या स्टार्चची पोती होती. औषधाच्या गोळ्या बांधून यायला मक्याचं हे पांढरं पीठ वापरतात. ही पोती टाकून द्यायची होती. हरनूर पॅडसह आडवी येताना एका पोत्याला धडकली. पोतं फुटलं, पीठ पसरलं. रितिका ओरडली, "ओए, रुक!" आणि मागून वेगात येणारी सई त्या पिठावर गेली.

सगळ्यांना वाटलं, आपटली. ती आपटली नाही. चाकं पिठावर आडवी घसरली आणि सई दोन हात सरकून, गुडघ्यांत वाकून, थांबली. पांढरा लोट उडाला.

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "सर, ये तो बर्फ़ जैसा है."

बलजीत सरांनी शिट्टी वाजवली नाही. त्यांनी वाकून पीठ बोटावर घेतलं, फरशीवर चोळलं. मग गुरमीतजींकडे बघितलं.

"फेंकना ही है ना?" त्यांनी विचारलं.

"फेंकना तो है," गुरमीतजी म्हणाले. "पर झाड़ू तुम्हारी लड़कियाँ लगाएँगी."

पुढचे दहा-बारा दिवस असे गेले. गोदामात खडूने निळी रेष आखली. रेषेच्या अलीकडे चार हात रुंद पिठाचा पट्टा. मुली तोंडाला फडकं बांधून एकामागून एक यायच्या, पट्ट्यावर बसायच्या आणि रेषेआधी थांबायच्या. थांबली नाही तिला झाडू. पहिल्या दिवशी चौदाही जणींनी झाडलं. शेवटच्या दिवशी झाडणाऱ्या तिघीच होत्या. पीठ चाकांच्या बेअरिंगमध्ये जायचं. ती काढून, रॉकेलमध्ये बुडवून, दातांच्या ब्रशने घासावी लागायची. यासाठी वसुधाचा स्टीलचा डबा गेला.

"माझा शेवयांचा डबा आहे तो!" वसुधा गॅलरीत येऊन म्हणाली.

"था," सई म्हणाली.

वसुधा मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, तू हिच्या नादी लागलीस. ही गेली हॉस्टेलवर तर दूध कोण देईल, ताप आला तर कोण बघेल? तुला लिहायला विषय मिळाला, माझं घर रिकामं होतंय." ती बरोबर बोलत होती.

माझ्या वहीच्या त्या पानांवर अजून पांढरे डाग आहेत. संध्याकाळी पाचला, धुकं पुन्हा उतरायच्या आत, चौदा मुली केसांपासून बुटांपर्यंत पांढऱ्या होऊन गोदामाबाहेर एकमेकींना झटकत उभ्या असायच्या. चहावाला बाहेरूनच ओरडायचा, "ओ भूतनियों, चाय!" बातमी म्हणून यात काही नाही. पण त्या हिवाळ्यातलं एक दृश्य परत बघायला मिळणार असेल तर मी हे मागेन.

देहरादून, शेवटचा सामना

दुसऱ्या फेरीत एकच सामना होता, तोही हरलो, पण चार-शून्य. शिट्ट्या सहा. शेवटच्या शनिवारी दिल्लीशी गाठ होती. दोन्ही संघांनी आधीचे सगळे सामने गमावले होते. दिल्लीने आमच्यापेक्षा कमी गोल खाल्ले होते, म्हणून बरोबरी आमच्या कामाची नव्हती. जिंकलो तर वरच्या गटात, नाहीतर खाली.

या सामन्याला वसुधा आली. मोसमात पहिल्यांदाच. दोन स्वेटर, कोट आणि कानटोपी घालून ती काचेच्या भिंतीमागे माझ्याशेजारी बसली आणि मांडीवर पर्स घट्ट धरली.

"यातली आपली कुठली?" तिने विचारलं. सगळ्यांच्या तोंडावर जाळी होती.

"एकवीस नंबर."

दिल्लीने पहिल्याच सत्रात गोल केला. दुसऱ्या सत्रात गोलपुढच्या गर्दीत कुणाच्या तरी काठीला लागून पक आत गेला. पंचांनी तो रितिकाच्या नावावर लिहिला. मोसमातला संघाचा पहिला गोल. बाकावर मुली एकमेकींच्या हेल्मेटवर थापा मारत राहिल्या आणि बलजीत सर त्यांना खाली बसा म्हणत राहिले, स्वतः उभं राहून.

तिसरं सत्र. सहा मिनिटं उरली होती. रितिकाने आपल्या बाजूने पक उचलला. सई तिच्या पुढे, डावीकडून सुटली. दिल्लीची बचावपटू तिच्या बरोबरीने मागे धावत होती. सई नेहमीप्रमाणे रेषेशी आधी पोचली.

आणि थांबली. दोन्ही पाती आडवी, गुडघ्यांत बसून. बर्फाचा चुरा काचेवर आला.

वसुधा उभी राहिली. "अगं, ही थांबली का? समोर मोकळं आहे की सगळं! एवढे दिवस हेच शिकवलं का हिला?"

"हेच शिकवलं," मी म्हटलं.

बचावपटूला सई रेषेवर थांबेल अशी अपेक्षा नव्हती. ती सईच्या मार्गाने आत सरकत गेली. तिने सोडलेल्या जागेतून रितिका पक घेऊन रेषेपलीकडे गेली. शिट्टी वाजली नाही. रितिकाने दोन पावलांवरून मारला. गोलकीपरच्या खांद्यावरून, जाळीत.

उरलेली सहा मिनिटं हरनूरची होती. दिल्लीने मारलेले फटके मी सातपर्यंत मोजले, मग पेन्सिल ठेवून दिली. एक तिच्या पॅडला लागला, एक छातीला, एक तिने आडवं पडून पोटाखाली घेतला आणि उठायला इतका वेळ लावला की पंच जवळ जाऊन उभे राहिले. भोंगा वाजला तेव्हा ती अजून पक शोधत होती.

दोन-एक. स्कोअरशीटवर दोन्ही गोल रितिकाचे. सईचं नाव नाही. थांबल्याची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही.

वसुधाने पर्समधून रुमाल काढून नाक पुसलं. "थंडी आहे फार," ती म्हणाली. सई काचेपाशी आली, हेल्मेट काढलं, आईकडे बघितलं. आवाज पलीकडे जात नव्हता. वसुधाने हातानेच खूण केली: केस पूस, ओले आहेत.

अंबाल्याचा रस्ता

एप्रिलमध्ये घर आवरायला मी परत गेले. एयरोसिटीतल्या गच्चीवर ऊन आता कुणाला नको होतं. खुर्च्या आत गेल्या होत्या. शेजारच्या बाईंनी पिन्न्यांचा, म्हणजे कणकेच्या लाडवांचा, डबा दिला आणि वसुधाला मिठी मारून म्हणाल्या, "बेटी की फ़िक्र मत करना, हम हैं." सामानाचा ट्रक आदल्या दिवशी गेला. कॉलेज सुरू होईपर्यंत सई क्लासच्या हॉस्टेलवर राहणार होती, तिची ट्रंक तिथे पोचली होती. वसुधाने तिथल्या मेसच्या बाईंना तीन वेळा फोन करून सईला कशाने खोकला होतो ते सांगितलं होतं.

आम्ही चौघे गाडीतून दिल्लीकडे निघालो. सई डेराबस्सीपर्यंत येणार होती, तीन वाजता सराव होता. तिथून हरनूर तिला स्कूटीवर परत सोडणार होती. झिरकपूरची गर्दी ओलांडली. मग वसुधा म्हणाली, "रविवारी फोन करशील."

"रोज करूँगी."

"रोज नको. रोज केलास तर मला काळजी वाटेल."

कारखान्याच्या फाटकापाशी अनिरुद्धने गाडी कडेला घेतली. सईने डिकीतून स्केट्सची पिशवी काढली, काठी काढली. आईच्या पाया पडली, बाबांच्या, माझ्या. हरनूर फाटकातून ओरडली, "चल ओए, सर गुस्सा हो रहे हैं! नमस्ते आंटीजी! नमस्ते मासीजी!"

सई धावत गेली. फाटक अर्धं उघडं होतं. ती आत गेली आणि गोदामाच्या कोपऱ्यावरून वळली.

अनिरुद्धने किल्ली फिरवली. वसुधा म्हणाली, "थांब जरा."

आम्ही थांबलो. आतून चाकांचा आवाज यायला लागला, आधी एकीचा, मग सगळ्यांचा. त्यातला सईचा कुठला, हे रस्त्यावरून ओळखता येत नव्हतं. वसुधाने काच वर केली.

"चला," ती म्हणाली.